खाडीकडे तोंड करून बसलेलं देऊळ

खारघरहून स्कूटर काढली तेव्हा बायको म्हणाली, "नवे बूट घालू नका." घातले. प्रेस्बिटेरियन देवळात (इथले ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात) फोटो काढायला जायचं, तर रुबाब नको?

नेरूळ, करावे मागे टाकून खाडीकाठच्या एका गावात पोचलो. देऊळ सापडलं, दरवाजा सापडेना. रस्त्याकडे नुसती भिंत. ती इतकी चाचपली की अर्धा चुना माझ्या हाताला आला.

"म्हशीसारका काय घासतस रं भिंतीला?" मागे तांब्या घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई, गावातल्या मार्थाबाई. "दरवाजा खाडीकरं हाय."

देऊळ बांधणारे त्यांचे पणजे. मिशनरी साहेबाने नकाशा दिला, पण या कोळ्यांनी जन्मात होड्याच बांधलेल्या. पाहुणा येतो होडीने, म्हणून दरवाजा पाण्याकडे. जमिनीवरून येतात कोल्हे आणि सरकारी माणसं, म्हणून तिकडे पाठ. छपराच्या फटीही होडीसारख्या कापूस-तेलाने बुजवलेल्या. एका उधाणात (मोठ्या भरतीत) म्हणे देऊळच तरंगत निघालं. प्रवचन इथे सुरू झालं, संपलं पलीकडच्या काठावर. हे मार्थाबाईंनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी लगेच मानलं असतं.

"बगून घे," त्या म्हणाल्या. "आज भक्ती (प्रार्थनासभा) झाली का वडील मंडळी (देवळाचे कारभारी) हात वर करून मत देनार. भिंत फोडून रस्त्याला दरवाजा. मंग पानी कुनाचे पायावर घालू?"

चिखल तुडवून येणाऱ्याच्या पायांवर आधी पोचलेल्याने पाणी घालायचं, हा इथला पहिल्यापासूनचा रिवाज.

तेवढ्यात गाडीतून वडील मंडळीतलेच एक, पांढऱ्या पँटीतले शिमोनराव उतरले. भिंत फोडायची कल्पना त्यांचीच. "काकी, हट्ट सोड. गाडीतून उतरलं की थेट आत! काय साहेब?"

"अगदी बरोबर!" म्हणत मी ऐटीत खाडीकडच्या दरवाजाला जाणाऱ्या बांधावर पाय टाकला, घसरलो, आणि आधाराला शिमोनरावांचा पट्टा धरला. बायबलमधला पेत्र पाण्यावर निदान चार पावलं चालला होता. आम्ही थेट चिखलात बुडालो, गुडघ्यापर्यंत.

मार्थाबाई तोवर दारात पोचल्या होत्या. आधी माझ्या पायांवर पाणी, मग शिमोनरावांच्या. सावकाश.

"काकी, गार हाय गं."

"तुजा बापूस पन ह्येच बोलायचा."

शिमोनरावांनी दुसरा पाय पुढे केला.

भक्तीनंतर पाळकांनी (धर्मगुरूंनी) विचारलं, "रस्त्याकडे दरवाजा कुणाला हवा?" सगळ्यांनी शिमोनरावांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात खिशात होते. मग कुणाचाच हात वर गेला नाही.

घरी बायकोने पायांकडे पाहिलं. "दुसरा बूट?"

"देवळाला वाहिला."

खोटं नाही ते. दरवाजा रस्त्यावर असता तर फोटो काढून परतलो असतो. आता त्यांच्या चिखलात माझा एक बूट आहे. म्हणजे त्या मंडळीचा मी निदान अर्धा सभासद.