समोरच्या इमारतीतली खाला

हमीदाखाला गेल्याचं तिच्या मुलानं, सलीमनं, दुपारी फोनवर सांगितलं. खरं तर तिची गॅलरी आमच्या खिडकीतून दिसते. आई तशीच चपला घालून निघाली. पण दोन इमारतींमधल्या भिंतीचं फाटक कायम कुलूपबंद, म्हणून आम्ही मोठ्या रस्त्यानं वळसा घालून पोचलो. जनाजा उचलायची तयारी झाली होती. सलीमनं सगळ्यांना थांबवलं. "सुमनमावशीला बघू द्या," म्हणाला. आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली...

खाला आमची नात्याची कुणी नव्हे. पंचवटीच्या बाजूला, गोदावरीकाठच्या वस्तीत तिच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक पत्रा होता. आई पहाटे फुलं विकायला जायची, तेव्हा माझी वेणी खालाच घालायची. तेल चोपडून, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिनं आधी आमची ट्रंक आपल्या माळ्यावर चढवली, मग स्वतःची भांडी गोळा केली.

पुनर्वसनाच्या योजनेत शहराच्या कडेला पक्की घरं मिळाली. सोडतीत दोघींना एकच मजला आला म्हणून आईनं पेढे वाटले. राहायला गेलो आणि इमारतीतली माणसं एकेक करून यायला लागली. त्यांचे लोक पलीकडच्या इमारतीत, आपले इकडे, म्हणजे कुणालाच त्रास नको, असं अगदी समजुतीनं सांगायची. घर बदलून घेणं सरकारी नियमात बसत नव्हतं; तरी किल्ल्या बदलल्या जात होत्या आणि बघायला कुणी येत नव्हतं. आई सगळ्यांशी भांडली. पण सलीमच्या मुलींशी जिन्यात कुणी खेळेना, तेव्हा तो थकला.

त्यांचं सामान खाली गेलं तरी आई खालाच्या दारातून हलेना. खाला म्हणाली, "सुमन, पोरींसाठी जाते गं. तुझ्यावर रुसून नाही."

पक्कं घर आम्हाला हवंच होतं, पुराची भीती गेली. पण जुन्या गल्लीत शेजारी कोण असावं हे कुणी ठरवत नव्हतं...

त्यानंतरही खाला रोज संध्याकाळी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायची. गुडघा धरत जिना चढायची, बेल न वाजवता दार ढकलायची आणि आईशेजारी फरशीवर बसून दुसऱ्या दिवशीचे गजरे ओवायची.

इथे सगळ्यांची दारं बंद असतात. आमचं मात्र दिवेलागणीला अजून नुसतं लोटलेलं असतं. काल मी कडी लावायला उठले, तर ओवता ओवता मान वर न करता आई म्हणाली, "राहू दे. वारा येतो."