चहाबाईंचा बिनदुधाचा चहा

मूल होत नाही म्हणून एखादी बाई दारात आली, की आमच्या उंद्रीच्या नर्सबाई आधी तिच्या नवऱ्याला चहाला बोलवायच्या. चहाही कसला? ओट्यालगत माजलेल्या गवती चहाची पाती उकळून केलेला, हिरवट, बिनदुधाचा. गाव त्यांना चहाबाईच म्हणायचं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

लग्नाला सहा वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडून सगळे उपासतापास करवून घेतले आणि शेवटी ह्यांच्यासाठी मेहकरकडची दुसरी मुलगी बघून ठेवली. मी चहाबाईंपुढे ढसाढसा रडले.

"काऊन रडून राह्यली? नवऱ्याले तपासलं का?"

मी तोंडाला पदर लावला. पुरुषाबद्दल असं कुणी विचारतं का!

"त्याले फक्त चहाले पाठव. बाकी मी पाहून घेईन."

चहाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. हे गेले. कपात दूध नाही हे पाहून ह्यांनी तोंड वाकडं केलं. पण चहा इतका कढत, की तो संपेपर्यंत उठता येईना, आणि तोवर चहाबाईंचं ऐकणं भाग होतं.

"मले काय झालं, बाई? धडधाकट आहो मी," हे गुरगुरले.

"मंग भेता काऊन? बुलढाण्याले जाऊन तपासून घ्या. चांगले निंगाले तं खुशाल दुसरी करा. वरातीत मी नाचीन!"

हे तणतणत घरी आले, पण इरेला पेटून बुलढाण्याला गेले. दोष ह्यांच्यातच निघाला. डॉक्टरांनी औषधं दिली, तंबाखू सोडायला सांगितलं. मेहकरची सोयरीक सासूबाईंनी मुकाट्यानं मोडली. दोन वर्षांत माझ्या मांडीवर मुलगी होती, आणि मी गावातून अशी ताठ मानेनं हिंडले म्हणता!

बारशाला बायकांनी चहाबाईंना गराडा घातला. प्रत्येकीला त्या चहाची पाती हवी होती. बाई खो खो हसल्या.

"चहानं लेकरं झाले असते तं मले डझनभर असते! रोज चार कप पोटात जातेत माह्या. अवं, चहा तं फक्त माणसाले बसवाले हाय."

पुढं त्यांची संग्रामपूरला बदली झाली. जाताना त्यांनी ओट्यालगतच्या गवती चहाचा अर्धा ठोंब उपटून माझ्या हातात दिला. मी फार रडले.

आता तो ठोंब माझ्या अंगणात माजलाय. काल शेजारची अमिना सुनेला घेऊन आली. सुनेचा चेहरा उतरलेला होता. मी चुलीवर आधण ठेवलं आणि अमिनाला म्हटलं, "तुह्या पोराले पाठव, चहाले."