खिळ्यांचा पट्टा

पाबळच्या शिवारात उसाला पाणी देता देता सुलक्षणाला भयकथा सुचायच्या. पाणी सरीतून सावकाश सरकायचं, पानं सळसळायची, दुपार अर्धवट झोपेत असायची आणि तिची नायिका त्या हिरव्या अंधारातून जीव मुठीत धरून चालू लागायची. मग बांधावर बसून सुलक्षणा मोबाईलवर प्रकरण लिहायची आणि वाचकांच्या एका ॲपवर टाकायची.

बिबट्यानं मान धरू नये म्हणून नायिकेनं गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला, तेवढं मात्र वाचकांना पटेना. पुण्याच्या एकीनं लिहिलं, "ताई, काहीही हं! असं कुणी जगतं का?"

सुलक्षणाचं डोकंच फिरलं. "व्हय का? घ्या मग," म्हणत तिनं पट्टा खोडला. उघड्या मानेची ती बाई दहाव्या पावलाला संपली.

लगेच पुण्याहून उत्तर आलं, "आता कसं अगदी खरं वाटलं!"

तेवढ्यात घराकडून सासूबाईंची हाक आली, "सुलक्षणा, सरी भरली असंल, बघ जा. पट्टा हाय ना गळ्यात?"

"हाय, आत्याबाई."

तिनं मानेला हात लावला. खिळे उन्हानं तापले होते. मोबाईल पदराला बांधून ती उसात शिरली.