तीनशे सतरा नंबरचा बिल्ला

माझ्या आज्याच्या कामावर कुणीतरी पांढरी पट्टी चिकटवली होती.

अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरमधला हॉल. आमच्या मराठी मंडळाचं प्रदर्शन, ‘आमचे पूर्वज’. घरटी एक तक्ता, तोही मुलांनी केलेला. माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं तिच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या आज्याचा केला. आठवडाभर बसून. मराठी अक्षरं मी पेन्सिलीनं काढून दिली, तिनं गिरवली. तुळशीराम. खाण कामगार. जमिनीखाली कोळसा भरायचे. तळाशी दोऱ्यानं त्याचा पितळी बिल्ला बांधला.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा ‘खाण कामगार’ दिसत नव्हतं. त्यावर छापील पट्टी होती, ‘खाण उद्योगात कार्यरत’. कोळशाच्या ओळीवर नुसतीच कोरी पट्टी. बिल्ला गायब. मामलेदार, वकील, संस्थानातले डॉक्टर अशी सगळ्यांच्या पूर्वजांची रांग लागली होती, आणि आमचा तक्ता समोशांच्या टेबलामागे भिंतीला टेकवलेला.

मंडळाच्या अध्यक्षबाई हसत आल्या. शब्दन् शब्द आठवतो.

“अगं, मीच केलं ते. डोन्ट माइंड हं. स्पॉन्सर येतायत, आपली एक इमेज असते ना इथे. आणि तो बिल्ला काढून ठेवलाय. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा दिसत होता.”

बाजूचे दोघंतिघं हसले. लेक माझ्याकडे बघत होती.

मी काय म्हणाले? “थँक्यू.”

हो, थँक्यू म्हणाले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त.

आधी आडनाव विचारायचं. मग ‘मूळचे कुठले?’ मग जराशी शांतता. शाळेपासून हे मला पाठ आहे. विमानात बसले तेव्हा वाटलं, सुटले. अबू धाबीत सगळेच परके, इथे कोण कुणाला विचारतंय. कसलं काय! पहिल्याच हळदीकुंकवाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं. तेव्हा मीही एक उत्तर तयार ठेवलं. “आजोबा मायनिंगमध्ये होते, चंद्रपूरकडे.” लोक त्यांना साहेब समजायचे. मी समजू द्यायचे. आठ वर्षं समजू दिलं.

आजा त्या खाणीवर गेला तेव्हा तिथे गाव नव्हतं. जंगल, वाघाची धास्ती आणि जमिनीत कोळसा. मजुरांनी झोपड्या घातल्या. मग दारूचं दुकान आलं, मग चौकी, शाळा सगळ्यांत शेवटी. साहेबांचे बंगले टेकाडावर, नळही तिथेच. आमच्या लोकांना पाणी वरून ओतलं जायचं. ते गाव ज्यांनी पाठीवर उभं केलं त्यांची ही सोय.

खाली उतरताना खिडकीत बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बिल्ला खिळ्यावर लागायचा. वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. शिफ्ट सुटल्यावर खिळ्यावर बिल्ला उरला, तर माणूस खाली उरला. हजेरीबाबू कुणालाच नावानं हाक मारत नसे. “ए तीनशे सतरा!” आजीला वाचता येत नव्हतं, पण हे तीन आकडे ती ओळखायची. रोज त्या खिडकीसमोर उभी राहायची. खिळा रिकामा झाला की घरी येऊन चूल पेटवायची. एकदा छत कोसळलं आणि तीन बिल्ले खिळ्यांवरच राहिले. त्यातला एक आज्याच्या जोडीदाराचा होता.

नोकरी संपली त्या दिवशी बिल्ला जमा करायचा होता. आजा म्हणाला, हरवला. बाबूनं आईवरून शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. घरी येऊन बंडीच्या खिशातून बिल्ला काढला आणि आजीच्या हातात ठेवला. “धर वं. आता त्या खिडकीपाशी उभी राहू नको.”

त्या बिल्ल्याला ह्या बाईनं कुत्र्याचा म्हटलं, आणि मी थँक्यू.

लेकीला घेऊन पाणी प्यायला बाहेर आले. तिनं विचारलं, “मम्मा, डिड ही डू समथिंग बॅड?”

“कोण?”

“पणजोबा. दे हिड हिज जॉब.”

मी ग्लास ठेवला आणि आत गेले.

“आमचा बिल्ला द्या.”

“आत्ता? अगं, गेस्ट लिफ्टमध्ये आहेत. नंतर बघू, इन्शाल्ला.”

“आत्ता.”

टाचण्यांच्या डब्यातून त्यांनी तो काढून दिला. दोन बोटांत धरून. मी नखानं दोन्ही पट्ट्या सोलल्या. कागदही त्यांच्याबरोबर फाटून आला. लेकीची गिरवलेली अक्षरं गेली. मग मार्कर घेतला आणि हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘जमिनीखाली कोळसा भरायचे. तीस वर्षं.’ तक्ता उचलला, मामलेदार आणि वकिलांच्या मधे आणून ठेवला. बिल्ला बांधायला घेतला, गाठ लागेना. शेवटी लेकीनं बांधली.

कुणाचे तरी मिस्टर म्हणाले, “व्हाय क्रिएट अ सीन?”

“मी फक्त पट्ट्या काढल्या,” मी म्हणाले.

नंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला आवडलं असतं. झालं नाही. ग्रुपवर माझ्या मेसेजला उत्तर येत नाही. लेकीला दोन वाढदिवसांना बोलावलं नाही, तेव्हा ती रडली. तिला सांगायला माझ्याकडे गोड असं काही नव्हतं. आज्याचं सगळं खरं सांगितलं, टेकाडावरच्या नळासकट.

आता तो बिल्ला आमच्या फ्लॅटच्या दारावर आहे. बाहेरून, नावाच्या पाटीखाली. आणि पाटीवर आडनाव पूर्ण लिहिलंय, आद्याक्षरं नाहीत. आठ वर्षं तिथे आद्याक्षरं होती. येणाऱ्यानं आधी दोन्ही वाचावं, मग बेल दाबावी.

ज्याला जमणार नाही त्याला लिफ्ट समोरच आहे.