मांडीवरचे हात

मोहाची फुलं अंगणात वाळत पडली की त्या गोड, आंबूस वासानं लोकांना दारू आठवते. मला मात्र खोडाळ्याहून मोखाड्याला निघालेली एक जीप आठवते.

त्या आठवड्यात मी नर्सिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाले होते. ओळीनं तीनदा नापास व्हायला चिकाटी लागते, महाराजा! तरी पाड्यावर सगळे मला सिस्टरच म्हणायचे आणि मीही ऐटीत ओ द्यायचे. मी बसले होते त्या जीपमध्ये मोहाच्या गोण्या होत्या. त्यांना टेकून आमच्याच पाड्यावरची जानकी बाळंतपणासाठी दवाखान्यात निघाली होती. घाटातच तिच्या कळा वाढल्या.

“सिस्टर, तू बघ ना गं!” तिची सासू ओरडली.

“मी नापास झालेय, मावशी. मला परवानगी नाही.”

“मंग पोराला सांग, ही पास होईस्तवर आतच ऱ्हा!”

सगळे हसले, मीसुद्धा. वळण संपायच्या आत बाळ सासूच्या हातात आलं. ते निळसर होतं आणि रडत नव्हतं. अशा बाळाचं तोंड कसं पुसायचं, पाठ कशी चोळायची, हे मी तिन्ही पेपरांत अचूक लिहिलं होतं. तरी माझे हात मांडीवरच राहिले. ते पुढे केले तेव्हा उशीर झाला होता.

त्या हातांसाठीच मी चौथ्यांदा फॉर्म भरला. पास झाले. जानकीची पुढची दोन्ही बाळंतपणं मीच केली. दोन्ही बाळं येताक्षणी रडली, आणि दोन्ही वेळा जानकीनं बाळाआधी माझ्या हातांकडे पाहिलं.