आंबोलीच्या वळणावरचं नारिंगी दगडफूल

मालवणात मी हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो आणि सुट्टीत लायकेन गोळा करत होतो. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्याबद्दल फुकट सल्ला. बुरशी आणि शेवाळ मिळून दगडावर किंवा झाडाच्या सालीवर संसार थाटतात, त्याला लायकेन म्हणतात, एवढं सांगून होईस्तोवर समोरचा म्हणे, "म्हणजे आपलं मसाल्यातलं दगडफूल!" घरीही तेच. "नाव आहे की त्याला," बायको म्हणायची. "बाजारात कुणाकडेही मागा, पुडी बांधून देतील." खरं होतं. मसाल्यातल्याचं नाव बाजारात मिळत होतं. बाकीच्यांची नावं विचारायला दुकान नव्हतं.

मला त्यातल्या एकाचं नाव हवं होतं. आंबोलीच्या घाटात एका वळणावर रस्त्याला खेटून काळा खडक होता. त्यावर तळहाताएवढा नारिंगी पापुद्रा, दगडाला इतका चिकटलेला की नखाने निघेना. तसा दुसरा मला त्या डोंगरात कुठेच आढळला नाही. असल्या नारिंगी पापुद्र्यांची दोन घराणी आहेत आणि दिसायला ती सख्खी भावंडं. ओळखायची खूण अशी, की कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला तर एक लालभडक होतं, हळदीत चुना मिसळल्यावर होते तसं, आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. पुढे नेमकी जात ठरवायची तर पापुद्र्यावर येणाऱ्या बारीक वाट्या, म्हणजे त्याची फळं, सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात.

मी खपलीभर नमुना आणून शाळेतल्या पोटॅशचा थेंब टाकला. नारिंगी ते नारिंगीच राहिलं. मला संशय बाटलीचाच आला. मालवणच्या दमट हवेत पोटॅशच्या काड्यांचं चिकट पाणी झालं होतं आणि वर पांढरी साय धरली होती. नवी बाटली मागायला गेलो तर हेडमास्तर म्हणाले, "अहो, ही बाटली आजवर कुणी उघडलेलीसुद्धा नाही. जी वस्तू वापरलीच नाही, ती खराब होईल कशी?" ते संस्कृतचे होते. वाक्य त्यांनी अशा थाटात टाकलं की क्षणभर मलाही पटलं.

लांबच्या एका शहरात या विषयातले जाणकार प्राध्यापक होते. सह्याद्रीतल्या लायकेनची यादी ते छापणार होते. पोटॅशने रंग बदलला नाही, असं त्यांना लिहिलं. उत्तर आलं, त्यात त्यांच्या पदव्या मजकुरापेक्षा लांब. रंग बदलत नसेल तर ते दुसऱ्या घराण्यातलं समजावं. फळं धरलेला नमुना दगडासकट पाठवावा, तोही यादी छपाईला जाण्याआधी, म्हणजे नाताळानंतर लगेच. अन्यथा नोंद घेता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा घाटात गेलो. भिंगातून बघतो तर पापुद्र्यावर मोहरीहून बारीक फुगवटे. वाट्या यायच्या होत्या, उघडल्या नव्हत्या. छिन्नी पिशवीतून काढली आणि परत ठेवली. कच्चं तोडून उपयोग नव्हता. पिकू दे म्हटलं.

नाताळात मालवणहून एस.टी. बदलत बदलत आंबोलीला पोचलो. वळणावर खडक होता, पण पांढरा. घाटातला प्रत्येक कठडा, प्रत्येक धोंडा चुन्याने रंगवला होता. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. माझ्या खडकासमोर मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता आणि गड्यांवर डाफरत होता.

"कोण रे पान खाऊन थुकलो हंय?"

"माका कित्याक बघतास?" कुंचा घेतलेला म्हातारा गडी म्हणाला. "माका दात खंय आसत पान खावक?"

मी पुढे होऊन बघितलं. चुन्याच्या हातातून तळहाताएवढा डाग वर आला होता. लालभडक. जे शाळेच्या बाटलीला जमलं नाही ते सरकारी बादलीने केलं होतं. म्हणजे ते पहिल्याच घराण्यातलं, आणि प्राध्यापकांना मी कळवलेलं साफ चूक. घरी पानाचा डबा होता, डब्यात चुना होता. पण पुस्तकात पोटॅश छापलं होतं.

"कोणी थुकलं नाही हो," मी म्हणालो. "हे दगडफूल आहे. मला तेवढा तुकडा काढू द्या."

"मास्तरांनू, मंत्री जाईसर ह्या दगडाक हात लावूचो नाय," मुकादम म्हणाला. मग म्हाताऱ्याकडे वळून, "मार रे आणि एक हात. लाल दिसाक नये."

त्याने दोन मारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात दाट धुकं होतं. मंत्र्यांची गाडी दिवे लावून, काचा वर करून गेली. खडक दिसला असेल तर फक्त मला, कारण मी त्याला हात टेकून उभा होतो. गाडी गेल्यावर छिन्नीने तुकडा काढला. घरी येऊन वाट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. त्या उघडल्या होत्या, अगदी वेळेवर. आत चुन्याशिवाय काही नव्हतं.

प्राध्यापकांना निदान घराणं तरी सुधारून कळवलं. उलट टपाली विचारणा आली: कोणतं रसायन वापरलं, किती तीव्रतेचं? मी खरं तेच लिहिलं: मंत्रिमहोदयांच्या स्वागताचा चुना, तीन हात, तीव्रता मुकादमाला ठाऊक. त्यावर एका ओळीचं कार्ड आलं. चेष्टेला आपल्याकडे वेळ नाही. यादी निघाली, त्यात आंबोलीचं नारिंगी लायकेन नव्हतं.

त्या वळणावरून पुढे अनेक वर्षं जाणं-येणं झालं. असल्या पापुद्र्याला बोटभर पसरायला जन्म जातो. मंत्री त्याहून लवकर बदलतात, आणि प्रत्येक नव्या मंत्र्यामागे खडकाला चुन्याचा नवा हात बसतो. तरी दर खेपेला मी खिडकीशी बसून बघायचो, कुठे लाल उमटतंय का.