होडी विकून घेतलेली गाडी

काळूरामने होडी विकली त्या दिवशी तो दुपारी घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला. रंभा बाजारातून परतली तेव्हा तो जागाच होता, पण वळला नाही. तिने पाटी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि कालवण गरम केलं. होडी कुणी नेली, किती वाजता नेली, नेताना ती कुठे घासली का, यातलं काहीही रंभाने विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठे विचारायचं नसतं एवढं तिला कळलं होतं.

पनवेलच्या कोळीवाड्यात काळूराम बावन्न वर्षांचा झाला होता. पलीकडे नवं बंदर बांधलं तेव्हा त्याने सहा वर्षं एका कंत्राटदाराचा डंपर चालवला. खाडीकाठच्या ज्या खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, त्याचा बाप जाळं लावायचा त्याच खाजणात त्याने मातीच्या खेपा टाकल्या. पगार चांगला होता. खाली पाहायचं नाही, आरशात पाहून मागे घ्यायचं आणि माती सोडायची, एवढंच काम. भराव पुरा झाला, कंत्राटदार डंपर घेऊन निघून गेला आणि काळूराम पुन्हा होडीत बसला. तोवर खाडीत मासळी नव्हती. वाड्यातल्या कुणी त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, असं त्याला अनेकदा वाटे.

खाडीत उरल्या होत्या त्या चिंबोऱ्या. चिखलात बिळं करून राहणारे मोठे खेकडे. अमावास्येच्या सुमाराला त्या मासाने भरतात, आणि जिवंत असल्या तर अंधेरीचा एक व्यापारी त्या विमानाने परदेशी पाठवायचा. मेलेल्या चिंबोरीला तिथे काही किंमत नव्हती. आतापर्यंत उरणहून एक टेंपो येऊन वाड्यातल्या सात घरांचा माल उचलायचा. १९९७च्या उन्हाळ्यात तो यायचा बंद झाला.

व्यापाऱ्याचा मुकादम स्वतः येऊन सांगून गेला. "तुमची गाडी आणा. टेंपो नको, टेंपो सकाळी नाक्यावर बाजूला घेतात. खाजगी गाडीला कुणी हात दाखवत नाही. माल बाराच्या आत आणि जिवंत. विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. जमत नसेल तर उरणवाले तयारच आहेत."

सात घरांत गाडी चालवता येणारा एकटा काळूराम होता. म्हणून होडी गेली.

पुण्याच्या रस्त्याला दिनानाथचं गॅरेज होतं. पत्र्याच्या शेडखाली दोन जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. एक लाल झेन. नवीन पनवेलच्या चारुदत्त नावाच्या एका साहेबाची. त्याने तिला रुंद टायर आणि जाड सायलेन्सर बसवला होता, आणि आपण खंडाळा किती मिनिटांत चढलो ते तो भेटेल त्याला सांगायचा. दुसरी काळी काँटेसा. कुठल्याशा कारखान्याच्या डायरेक्टरची, लांब, रुंद, पुढून बसकी.

"ही लाल म्हणजे विंचू आहे विंचू, काळूशेठ," दिनानाथ म्हणाला. "मानखुर्दच्या ट्रॅफिकमधून अशी सुटते की मागचा शिवी देईपर्यंत आपण चेंबूरला."

"नि ती काळी?"

"ती राजा. इंजिन जपानी. शंभरच्या स्पीडला आत झोप लागते माणसाला. पेट्रोल पिते, ते मी लपवत नाही."

"राजाला पोसाला आमच्या घरात कोन हाय?" रंभा म्हणाली.

दिनानाथ हसला. "वहिनी, तुम्हीच घ्या चालवायला. यांना ठेवा मागे पाटीत."

काळूराम हसला नाही. तो दोन्ही गाड्यांभोवती फिरला, वाकून बुडाखाली पाहिलं, नखाने पत्रा खरवडला. मग म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो हातगाडीवर ओल्या वाळूने भरलेल्या सात पाट्या घेऊन आला. होडी विकत घेताना त्याच्या बापानेही हेच केलं होतं. जेवढा माल न्यायचा तेवढं वजन आत ठेवायचं, मग ती पाण्यात किती बसते ते बघायचं. रिकाम्या होडीवर विश्वास ठेवायचा नाही.

झेनची मागची सीट पाडली, तरी चारच पाट्या मावल्या. चौथी ठेवल्यावर गाडी मागून दबली. शिवाय पाट्या सगळ्या उघड्यावर, ड्रायव्हरच्या पाठीशी, काचेतून ऊन थेट त्यांच्यावर. काँटेसाच्या डिकीत साती पाट्या बसल्या. झाकण लागलं. गाडी जेमतेम दोन बोटं खाली गेली. काळूरामने झाकण पुन्हा उघडून आत हात घातला. शेडची सावली होती, सकाळची वेळ होती, ओल्या वाळूचा गारवा होता.

"खण हाय," तो म्हणाला.

होडीत फळ्यांखाली खण असतो. अंधारा, बंद. सगळ्यात गार जागा तीच. पकडलेला जीव उन्हावाऱ्यापासून जपायला तिथे ठेवायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, जन्मापासून माहीत होतं.

"लाल घ्या," रंभा म्हणाली. "चार बसतान तर चार न्या. मी जलमभर पाटी डोक्यावर नेली, उघडी, वाऱ्यावर. डोळ्यासमोर असली की तिचं काय होतंय ते कलतं."

"नि तीन घरांना काय सांगू? तुमचा माल नाय नेत म्हणून?"

"सांगा."

"मालूला सांगू?"

मालू ही वाड्यातली विधवा. ओहोटीला चिखलात उतरून, बिळात लोखंडी आकडा घालून चिंबोऱ्या काढायची. उजव्या हाताचं एक बोट चिंबोरीनेच नेलेलं. काळूरामने भराव टाकला त्या खाजणात तिच्या नवऱ्याची जाळ्याची जागा होती.

"साती घरांचा जाईल," काळूराम म्हणाला. "नाय तर कुनाचाच नको."

त्याने काळी घेतली.

अमावास्येच्या सकाळी वाड्याच्या जुन्या बंदरावर गाडीसमोर नारळ फुटला. बायकांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, लावतात तसं. एकीने स्टिअरिंगला झेंडूची माळ बांधली आणि दुसरी म्हणाली, "गो, तो वळवल कसा मंग?" तेव्हा सगळे हसले. काळूरामने डंपर सोडल्यापासून वाड्यात असं मोकळं हसू त्याच्या अवतीभवती झालं नव्हतं. चिंबोऱ्यांच्या नांग्या सुंभाने बांधलेल्या होत्या. पाट्यांवर ओली गोणपाटं घातली. मालूने आपली पाटी स्वतः डिकीत ठेवली आणि वरून आणखी एक ओंजळ पाणी टाकलं.

"सांभालून ने रं, काळू."

"बर्फासारख्या जातील. बघ तू."

आठ वाजता तो निघाला.

गाडी सुंदर होती. हे नंतरही त्याने कधी नाकारलं नाही. कळंबोली सोडल्यावर त्याने पाय दाबला आणि ती कसलाही आवाज न करता पुढे झाली. ट्रक मागे पडले, एसट्या मागे पडल्या. चारी काचा खाली होत्या आणि मे महिन्याचा वारा त्याच्या सदऱ्यात भरत होता. बापाने शीड सोडल्यावर होडी अशीच एका बाजूला कलून निघायची. काळूराम एकटाच मोठ्याने काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते त्याला आठवलं नाही.

मानखुर्दला पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. पाऊण तास सगळं उभं. डांबर खालून तापत होतं, काळा पत्रा वरून तापत होता. काळूरामने घड्याळ पाहिलं. वेळ होता. त्याने मागे वळून पाहिलं तर मागची सीट होती, सीटच्या मागे पत्रा होता आणि पत्र्यापलीकडे डिकी. त्याला काळजी वाटली नाही. खण बंद होता.

साडेदहाला तो अंधेरीत पोचला. मुकादम फाटकातच उभा होता.

"अरे वा! दीड तास आधी! काय गाडी आहे!"

काळूरामने किल्ली फिरवून झाकण उचललं. आतून वाफ आली. चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढावं तशी, तोंडावर. त्याने गोणपाट उचललं. ते गरम होतं.

मुकादमाने खिशातून काडी काढली आणि वरच्या चिंबोरीच्या डोळ्याला लावली. जिवंत चिंबोरी डोळा आत ओढते. डोळा तसाच राहिला. त्याने दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग पाटीच पालथी केली. चिंबोऱ्या फरशीवर पडल्या आणि त्यांचे पाय जिथे पडले तिथे राहिले. साती पाट्या त्याने अशाच पाहिल्या. कडेच्या, झाकणाच्या फटीजवळच्या अकरा तेवढ्या जिवंत निघाल्या.

"काका," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज वाईट नव्हता, "शिजवून आणल्यात तुम्ही."

परतताना काळूराम हळू आला. मेलेल्या चिंबोऱ्या डिकीत तशाच होत्या. त्या रस्त्यात कुठेही टाकता आल्या असत्या. पण ज्यांच्या होत्या त्यांना दाखवल्याशिवाय टाकायच्या कशा, हे त्याला कळेना.

बंदरावर साती घरची माणसं उभी होती. त्याने डिकी उघडली आणि बाजूला झाला.

"माज्या किती?" मालूने विचारलं.

"सगल्या."

तिने वाकून आपली पाटी ओळखली. एक मोठी चिंबोरी हातात घेतली, उलटी करून पोटाचा पत्रा दाबून पाहिला. "भरलेली होती," ती म्हणाली. "हिच्यापायी मी कमरंएवढ्या चिखलात उभी होते." मग तिने ती पाटीत जपून ठेवली, जशी काही अजून दुखेल, आणि पाटी न घेता निघून गेली. बाकीचेही गेले. कुणी शिवी दिली नाही.

संध्याकाळी तो दिनानाथकडे गेला.

"काळूशेठ, कुठल्याही गाडीची डिकी अशीच असते हो! उन्हात भट्टी होते. मला विचारायचं तरी."

"मी वाळू भरत होतो तवा तू हसत होतास."

"मला वाटलं बर्फातली मासळी नेणार. तुम्ही जीव नेणार हे मला काय माहीत?" दिनानाथने कपड्याने हात पुसले. "लाल गाडीत मधे भिंतच नाही. काच उघडली की वारा शेवटपर्यंत. पण तिचा सौदा काल झाला."

काळूराम उभाच राहिला. दिनानाथने स्टूल पुढे सरकवलं तरी बसला नाही. पाण्याखाली गारवा असतो, रस्त्याखाली नसतो. एवढं कळायला डंपरची सहा वर्षंही त्याच्या उपयोगी पडली नव्हती. डंपर वरून उघडा होता आणि त्यात जे होतं ते आधीच मेलेलं होतं.

पुढची खेप तीन दिवसांनी होती. मुकादम नको म्हणाला नव्हता, ये असंही म्हणाला नव्हता. काळूरामने मागची सीट काढून घरात आणून ठेवली. ती भिंतीला टेकली तेव्हा खोली अर्धी झाली. साती पाट्या आता सीटच्या जागी, वाऱ्यावर बसल्या असत्या. रंभा घरोघर फिरून आली.

"काय म्हणतान?"

"कोन काय म्हनंल? जेव म्हनाले. चा केला मालूनं."

"माल?"

रंभाने नकाराची मान हलवली; कुणीच द्यायला तयार नव्हतं.

खेपेच्या दिवशी सकाळी ओहोटीला काळूराम स्वतः चिखलात उतरला. होडी नव्हती, म्हणून बंदरापासूनच चालत. बिळं लांब होती, होडीने जायची सवय असलेल्या माणसाला फार लांब. आकडा त्याने तीस वर्षांत हातात धरला नव्हता. दोनदा तो मांडीपर्यंत रुतला आणि दुसऱ्यांदा, निघता येईना तेव्हा, काही वेळ नुसता उभा राहिला. समोर भरावावर नव्या बंदराचे दिवे अजून विझवलेले नव्हते. तिथे माती किती आहे आणि ती किती खेपांत आली, याचा अंदाज वाड्यात त्याच्याएवढा कुणालाच नव्हता. मग त्याने पाय उपसला.

नऊ वाजता तो वर आला तेव्हा पाटीत चार चिंबोऱ्या होत्या.

"चार?" रंभा म्हणाली.

"जिवंत हायेत."

"चार चिंबोऱ्यांसाठी एवढी गाडी अंधेरीला नेनार?"

"मुकादमाला दाखवाला. की जिवंत येतान म्हणून."

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. चिखल मांडीवर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी बाजारात न्यायला तिच्याकडेही काही नव्हतं. तिने कळशी भरून घेतली, पुढच्या सीटवर बसली, पाटी मांडीवर घेतली आणि काच खाली केली. "चला," ती म्हणाली. सगळ्या रस्त्याने ती दर थोड्या वेळाने गोणपाटावर पाणी शिंपडत होती. एकदा ती म्हणाली, "हलू जा," आणि नंतर लगेच, "नको, जोरात जा."

साडेअकराला ते पोचले. आवारात उरणची एक गाडी माल उतरवत होती. मुकादमाने रंभाच्या हातून पाटी घेतली, चारी चिंबोऱ्या पाहिल्या आणि मान डोलावली.

"चारी जित्या आहेत," तो म्हणाला, आणि पाटी घेऊन आत गेला.

या धंद्यात माल देणाऱ्याची पाटी व्यापाऱ्याकडेच राहते. पुढच्या खेपेला तो भरलेली आणतो आणि मागची रिकामी घेऊन जातो. भिंतीशी उरणवाल्यांच्या वीसपंचवीस पाट्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. काळूराम गाडीला टेकून त्या भिंतीकडे पाहत राहिला. रंभाही पाहत होती. आत कुठेतरी नळ सुरू झाला, बंद झाला.

मुकादम बाहेर आला. त्याने चार चिंबोऱ्यांचे पैसे काळूरामच्या हातात दिले आणि त्यांची पाटी रंभाच्या हातात. पाटी धुतलेली होती. तिच्यातून पाणी गळत होतं.

"बसा थोडं, काका," तो म्हणाला. "ऊन फार आहे. पाणी प्या नि मग निघा."